एकाच गळ्यातील दोन आवाज : ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’

मेटल संगीताशी फारशी ओळख नसलेल्या श्रोत्याने स्वीडनमधील ‘ओपेथ’ या बँडचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हा अल्बम प्रथमच ऐकला, तर यात दोन गायक असावेत अशी त्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. एक आवाज घशाच्या तळातून येणारा, खरखरीत आणि गुरगुरणारा. त्यात शब्द असतात, पण ते सहजी उमगत नाहीत. दुसरा आवाज संथ, सुरेल आणि काहीसा उदास. तो अकूस्टिक गिटारच्या साथीने एखाद्या लोकगीतासारखा उलगडत जातो. पहिला आवाज ऐकून अंगावर काटा येतो, तर दुसरा श्रोत्याला जवळ बोलावतो. प्रत्यक्षात हे दोन्ही आवाज मुख्यत्वे एकाच व्यक्तीचे आहेत. ही व्यक्ती म्हणजे बँडचा गायक, गिटारवादक आणि प्रमुख रचनाकार मिकाएल ओकरफेल्ट.

२००१ साली प्रकाशित झालेला हा अल्बम ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ या संगीतप्रकारातील मैलाचा दगड मानला जातो. कर्कश आणि सुरेल गायनाचा मेळ त्यापूर्वीही घातला गेला होता. मात्र हा मेळ केवळ धक्का देण्यासाठी न वापरता त्यावर दहा-बारा मिनिटांच्या रचनेची संपूर्ण इमारत उभी करता येते, हे ‘ब्लॅकवॉटर पार्क’ने जितक्या ठामपणे दाखवले तितके क्वचितच कोणी दाखवले असेल. कर्कश आवाजाला संगीतात स्थान असू शकते का, आणि असल्यास त्याचे नेमके काम कोणते, या प्रश्नाचे उत्तर शोधू पाहणाऱ्यास हा अल्बम टाळून पुढे जाता येत नाही.

दोन प्रवाहांचा संगम

अल्बमचे वेगळेपण लक्षात येण्यासाठी त्यामागील दोन सांगीतिक प्रवाहांची ओळख आवश्यक आहे. पहिला प्रवाह प्रोग्रेसिव्ह रॉकचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकात ‘किंग क्रिमसन’, ‘जेनेसिस’, ‘येस’, ‘कॅमल’ आदी ब्रिटिश बँडनी तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली. कडवे आणि ध्रुवपद यांच्या नेहमीच्या फेऱ्यातून बाहेर पडून त्यांनी दीर्घ रचना बांधल्या. तालाची मापे बदलणे, शांत आणि तीव्र भाग आलटून पालटून योजणे, वाद्यसंगीताला गायनाइतकेच महत्त्व देणे, ही त्या संगीताची वैशिष्ट्ये होती.

दुसरा प्रवाह डेथ मेटलचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात या प्रकाराने जोर धरला. वेगवान ड्रम, खालच्या पट्टीत लावलेल्या आणि ध्वनी मुद्दाम फाटका केलेल्या गिटार, आणि ‘ग्राउल’ या नावाने ओळखला जाणारा गुरगुरता आवाज ही त्याची ओळख. लवकरच स्वीडन हे डेथ मेटलचे मोठे केंद्र बनले. स्टॉकहोममध्ये ‘एन्टूम्ड’सारखे बँड पुढे आले. गोथेनबर्ग शहरात ‘अ‍ॅट द गेट्स’, ‘इन फ्लेम्स’ आणि ‘डार्क ट्रँक्विलिटी’ यांनी याच संगीताला सुरावटींची जोड दिली.

ओपेथची स्थापना १९९० मध्ये स्टॉकहोम येथे झाली. बँडचे नाव विल्बर स्मिथ यांच्या ‘द सनबर्ड’ या कादंबरीतील एका काल्पनिक प्राचीन नगरीवरून घेतलेले आहे. १९७४ साली जन्मलेला ओकरफेल्ट हा डेथ मेटलच्या वातावरणात वाढलेला तरुण; पण त्याचबरोबर १९७० च्या दशकातील जुन्या तबकड्या जमवण्याचा त्याला कमालीचा नाद. ‘ऑर्किड’ (१९९५) आणि ‘मॉर्निंगराइज’ (१९९६) या पहिल्या दोन अल्बमपासूनच हे दोन्ही छंद त्याच्या संगीतात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पुढे ‘माय आर्म्स, युअर हर्स’ (१९९८) आणि ‘स्टिल लाइफ’ (१९९९) आले. या काळात ओकरफेल्टचे सुरेल गायन उत्तरोत्तर आत्मविश्वासपूर्ण होत गेले. त्याचा ग्राउल तर इतका नावाजलेला होता, की स्टॉकहोमच्याच ‘कॅटाटोनिया’ या बँडने १९९६ च्या ‘ब्रेव्ह मर्डर डे’ या अल्बमसाठी त्याला पाहुणा गायक म्हणून बोलावले होते.

‘ग्राउल’ म्हणजे आरडाओरडा नव्हे

या संगीतावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा, की हे गायन नसून केवळ ओरडणे आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास तसे म्हणता येत नाही. आपण बोलतो किंवा गातो तेव्हा स्वरयंत्रातील स्वरतंतू ठरावीक गतीने कंप पावतात आणि त्यातून निश्चित उंचीचा स्वर निघतो. या स्वरतंतूंच्या किंचित वर पातळ घड्यांची आणखी एक जोडी असते. तिला ‘आभासी स्वरतंतू’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात तिचा वापर होत नाही. ग्राउल करताना गायक घशाचा हा वरचा भाग आवळून तेथील घड्यांना कंप देतो. हा कंप अनियमित असल्यामुळे आवाजाला खरखर येते आणि त्यातील निश्चित स्वर जवळजवळ लोपतो. मध्य आशियातील तुवा प्रांताच्या कंठगायनातील खर्जाचा प्रकारही याच घड्यांच्या साहाय्याने साधला जातो. तेथे मात्र कंप नियमित ठेवून स्वर राखला जातो.

ग्राउलसाठी श्वासावर पक्का ताबा लागतो. पोटातून येणारा हवेचा दाब सारखा ठेवावा लागतो, अन्यथा सारा ताण मूळ स्वरतंतूंवर पडून आवाज बसतो. तंत्र न शिकता केवळ जोर लावणाऱ्या गायकाचा गळा काही दिवसांतच जायबंदी होतो. याउलट, तंत्र अवगत असलेला गायक महिनोन्‌महिने दौरे करू शकतो. ऐकताना हा आवाज प्रचंड मोठा वाटला, तरी प्रत्यक्षात तो तितक्या जोराने काढला जात नाही. त्याला भव्यता देण्याचे काम ध्वनिक्षेपक आणि ध्वनिमुद्रणाचे तंत्र करते.

या तांत्रिक तपशिलाचा थेट संबंध ‘ब्लॅकवॉटर पार्क’च्या रचनेशी आहे. ग्राउलमध्ये निश्चित स्वर नसल्याने त्याला चाल गाता येत नाही. शब्दांतील आघात, स्वरांची लांबी-रुंदी आणि लय एवढीच साधने त्याच्या हाती उरतात. थोडक्यात, तो आवाज तालवाद्याच्या अंगाने वावरतो. साहजिकच चालीची जबाबदारी गिटारवर येऊन पडते. सुरेल आवाज आला की चाल पुन्हा गळ्याकडे येते आणि गिटार मागे सरून साथीची भूमिका घेते. म्हणजे आवाज बदलला की संपूर्ण वाद्यमेळातील कामाची वाटणी बदलते. ओकरफेल्टने ही गोष्ट पुरती ओळखली होती. त्यामुळे त्याच्या रचनांमध्ये आवाजातील बदल वरून चिकटवल्यासारखा वाटत नाही.

एका इंग्रज निर्मात्याचे आगमन

‘स्टिल लाइफ’ या अल्बमची एक प्रत फ्रान्समधील एका पत्रकारामार्फत स्टीव्हन विल्सन याच्या हाती पडली. विल्सन हा ‘पॉर्क्युपाइन ट्री’ या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा प्रमुख. ते संगीत ऐकून प्रभावित झालेल्या विल्सनने ओकरफेल्टशी संपर्क साधला. ओकरफेल्ट हा स्वतः पॉर्क्युपाइन ट्रीचा चाहता. या ओळखीतून विल्सनने ओपेथच्या नव्या अल्बमची निर्मिती करावी असे ठरले.

ध्वनिमुद्रण २००० सालच्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात गोथेनबर्गच्या ‘स्टुडिओ फ्रेडमन’ येथे झाले. फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉम यांचा हा स्टुडिओ स्वीडिश मेटलचे माहेरघर होता. ‘अ‍ॅट द गेट्स’चा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ (१९९५) हा गाजलेला अल्बम येथेच ध्वनिमुद्रित झाला होता. ओकरफेल्टसोबत गिटारवर पीटर लिंडग्रेन, बास गिटारवर मार्टिन मेंडेस आणि ड्रमवर मार्टिन लोपेझ असा संच होता. मेंडेस आणि लोपेझ या दोघांचेही दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेशी नाते. लोपेझच्या वादनात जोर तर आहेच, पण शांत भागांतील त्याचा हलका, झुलता हात हे या अल्बमचे एक बलस्थान ठरले.

जड रिफ कशा वाजवाव्यात हे बँडला शिकवण्याची गरज नव्हती. विल्सनने लक्ष घातले ते मुख्यत्वे गायन, गिटारच्या ध्वनीचा पोत आणि ध्वनिपरिणाम यांत. एकाच आवाजाचे अनेक थर एकमेकांवर रचून केलेला स्वरमेळ, दूरध्वनीवरून आल्यासारखा भासणारा दबका स्वर, पार्श्वभूमीला हळूच उमटणारे पियानोचे सूर, या बाबींनी अल्बमला खोली दिली. त्याने स्वतः पियानो वाजवला आणि काही ठिकाणी गायनातही भाग घेतला. मेटलच्या क्षेत्राबाहेरचा कान लाभल्याने ओपेथच्या संगीतातील शांत भागांना प्रथमच जड भागांच्या तोडीचे वजन मिळाले.

अल्बमचे नाव १९७० च्या दशकाच्या आरंभी कार्यरत असलेल्या एका अल्पायुषी जर्मन रॉक बँडवरून घेतले आहे. ओकरफेल्टच्या तबकड्यांच्या वेडाची ही आणखी एक खूण. विल्की कॉलिन्स यांच्या ‘द वुमन इन व्हाइट’ या एकोणिसाव्या शतकातील कादंबरीतही याच नावाची एक उदास हवेली आहे. धुक्यात उभी निष्पर्ण झाडे आणि त्यांच्या आडून दिसणाऱ्या अस्पष्ट मानवी आकृती असे करड्या छटेतील मुखपृष्ठ ट्रॅव्हिस स्मिथ या चित्रकाराने तयार केले आहे. आतील संगीताशी ते तंतोतंत जुळते.

आठ रचनांचा प्रवास

अल्बममध्ये एकूण ८ रचना असून त्यांचा कालावधी ६७ मिनिटे १३ सेकंद आहे. सर्व गीतांना जोडणारी एकच कथा येथे नाही. मृत्यू, आजार, एकाकीपण, नात्यांतील कडवटपणा आणि समाजाचा ऱ्हास हे विषय वारंवार डोकावतात.

‘द लेपर अफिनिटी’ या पहिल्या रचनेत दुरून जवळ येणाऱ्या ध्वनीपाठोपाठ गिटार आणि ग्राउल एकदम कोसळतात. नवख्या श्रोत्याची येथेच परीक्षा होते. मध्यावर मात्र वादळ ओसरते, अकूस्टिक गिटारसोबत सुरेल आवाज येतो आणि दहा मिनिटांच्या या रचनेचा शेवट एकट्या पियानोवर होतो. पुढे काय वाढून ठेवले आहे याचा हा जणू नमुनाच.

‘ब्लीक’मध्ये काहीशी पौर्वात्य वळणाची गिटारची सुरावट ग्राउलला सोबत करते. त्यानंतर येणाऱ्या सुरेल भागात ओकरफेल्टसोबत विल्सनचाही आवाज ऐकू येतो. अल्बममधील सर्वांत सहज लक्षात राहणाऱ्या चालींपैकी ही एक. अखेरीस गिटारचा ध्वनी जणू वितळत, वेडावाकडा होत जातो.

तिसरी रचना ‘हार्वेस्ट’. सहा मिनिटांच्या या गीतात ग्राउल अजिबात नाही. अकूस्टिक गिटार, संथ ताल आणि मृत्यूकडे शांतपणे पाहणारा सुरेल स्वर. आधीच्या वीस मिनिटांच्या गदारोळानंतर ही शांतता अधिकच जाणवते.

‘द ड्रेपरी फॉल्स’ ही अनेक चाहत्यांच्या मते अल्बममधील सर्वांत परिपूर्ण रचना. अकरा मिनिटांची ही रचना संथ, सुरेल गायनाने सुरू होते. जवळपास पाच मिनिटे श्रोता त्या उदास प्रवाहात वाहत राहतो. ग्राउल येतो तेव्हा तो आक्रमण करण्यासाठी आल्यासारखा वाटत नाही; आतापर्यंत दाबून ठेवलेले काहीतरी बाहेर पडल्याचा भास होतो. शेवटी आरंभीची सुरावट परतते. सूर तेच असले तरी मधल्या उद्रेकामुळे श्रोत्याला ते निराळे वाटतात.

‘डर्ज फॉर नोव्हेंबर’मध्ये कुजबुजल्यासारख्या आरंभानंतर जड, संथ आणि शोकमग्न भाग येतो आणि रचना पुन्हा निःशब्द गिटारवादनात विरून जाते. ‘द फ्युनरल पोर्ट्रेट’ त्या मानाने अधिक आक्रमक असून तिच्या अखेरीस थरांवर थर चढवलेले सुरेल गायन ऐकू येते. ‘पॅटर्न्स इन द आयव्ही’ ही दोन मिनिटांहूनही छोटी, केवळ गिटार आणि पियानोची रचना. ती श्वास घेण्यापुरती उसंत देते. त्यानंतर येते बारा मिनिटांची शीर्षकरचना. तिच्यात गायनाचा भार बहुतांशी ग्राउलवर आहे आणि शांततेची बाजू मधल्या दीर्घ वादनाने सांभाळली आहे. एवढ्या प्रचंड गाजावाजानंतर अल्बम संपतो तो अकूस्टिक गिटारच्या मोजक्या सुरांवर.

सुंदर आणि भयाण यांची सरळ वाटणी नाही

कर्कश आणि सुरेल गायनाची जोड पुढील काळात इतकी रुळली, की तिचा एक साचाच तयार झाला. कडवे ओरडून म्हणायचे आणि ध्रुवपद गोड चालीत गायचे, हा तो साचा. आकाशवाणी केंद्रांना आणि दूरचित्रवाहिन्यांना तो सोयीचाही होता. मात्र त्यामुळे कर्कश भाग म्हणजे राग आणि सुरेल भाग म्हणजे दिलासा, अशी ठोकळेबाज विभागणी झाली.

‘ब्लॅकवॉटर पार्क’ या विभागणीपासून दूर राहतो. येथे सुरेल आवाज दिलासा देतोच असे नाही. ‘हार्वेस्ट’मधील गोडवा मरणाच्या सावलीतला आहे. उलट ग्राउलमध्ये अनेकदा संतापापेक्षा शोक अधिक असतो. भारतीय रसविचाराच्या भाषेत सांगायचे तर ग्राउल हा केवळ रौद्राचा किंवा भयानकाचा आवाज नाही. योग्य जागी आला तर तो करुणाचाही वाहक होतो. आपल्याकडे शोकाची परिसीमा आर्त सुरात व्यक्त करण्याची परंपरा आहे. शोक इतका अनावर झाला की सूरच उरत नाही, ही अवस्था मात्र क्वचितच संगीतात आणली जाते. ओकरफेल्टने नेमकी तीच जागा ग्राउलला दिली.

दोन्ही आवाज एकाच गळ्यातून येतात, याला म्हणूनच महत्त्व आहे. दोन गायक असते तर ते दोन पात्रांचे संवाद वाटले असते, एक सज्जन आणि एक दुर्जन. गायक एकच असल्याने श्रोत्यासमोर उभी राहते ती एकच व्यक्ती. कधी स्वतःला सावरणारी, कधी तोल गेलेली.

अर्थात, अल्बमविषयी आक्षेपही आहेत. रचना लांबतात, एका भागातून दुसऱ्या भागात जाताना सांधे क्वचित उघडे पडतात, आणि साऱ्या अल्बमवर उदासीनतेचा एकच रंग पसरलेला असल्याने सलग सदुसष्ट मिनिटे ऐकणे थकवणारे ठरू शकते. हे आक्षेप निराधार नाहीत. मात्र श्रोत्याकडून धीराची अपेक्षा बाळगणे हा या संगीताचा स्वभावच आहे.

दोन आवाजांची फारकत आणि पुनर्भेट

‘ब्लॅकवॉटर पार्क’ने ओपेथला युरोपाबाहेर ओळख मिळवून दिली. तोपर्यंत मोजकेच कार्यक्रम करणारा हा बँड त्यानंतर युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या दीर्घ दौऱ्यांवर निघाला. विल्सनसोबतचे सहकार्यही सुरू राहिले. त्यातून एक धाडसी प्रयोग घडला. बँडने एकाच सुमारास दोन अल्बम तयार केले. ‘डिलिव्हरन्स’ (२००२) हा जड आणि आक्रमक, तर ‘डॅम्नेशन’ (२००३) पूर्णतः सुरेल आणि ग्राउलविरहित. जे दोन आवाज एकत्र नांदत होते, त्यांची प्रथमच फारकत झाली. विल्सननेही या मैत्रीतून बरेच घेतले. पॉर्क्युपाइन ट्रीचे संगीत ‘इन अ‍ॅब्सेन्शिया’पासून (२००२) अधिक जड झाले, तर त्यांच्या ‘डेडविंग’ (२००५) या अल्बममध्ये ओकरफेल्ट पाहुणा कलाकार म्हणून सहभागी झाला. पुढे २०१२ मध्ये दोघांनी ‘स्टॉर्म कोरोजन’ नावाचा संयुक्त अल्बमही काढला.

ओपेथच्या चाहत्यांमध्ये खरी फूट पडली ती २०११ साली. त्या वर्षीच्या ‘हेरिटेज’ या अल्बममधून ग्राउल पूर्णपणे हद्दपार झाला. बँडने १९७० च्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉककडे उघड कल घेतला. ‘पेल कम्युनियन’ (२०१४), ‘सॉर्सरेस’ (२०१६) आणि ‘इन कौडा वेनेनम’ (२०१९) हे त्यानंतरचे अल्बमही याच वाटेने गेले. कलाकाराने स्वतःची पुनरावृत्ती नाकारण्याचा हक्क बजावला, असे एका गटाचे म्हणणे होते. ज्या आवाजाने बँडला ओळख दिली तोच गमावला, अशी खंत दुसऱ्या गटाला होती. वस्तुतः ओकरफेल्टचा गळा शाबूत होता. जुन्या रचना रंगमंचावर सादर करताना तो या काळातही ग्राउल करीत असे. नव्या संगीताला त्या आवाजाची गरज वाटत नव्हती, एवढेच.

२२ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रकाशित झालेल्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ या अल्बममध्ये तो आवाज परतला. एका धनाढ्य कुटुंबप्रमुखाच्या मृत्युपत्राच्या वाचनाभोवती या अल्बमची कथा गुंफलेली आहे. ‘जेथ्रो टल’चे इयन अँडरसन यांचे बासरीवादन आणि निवेदनही त्यात आहे. मृत कुटुंबप्रमुखाचे कठोर शब्द ऐकवण्यासाठी ग्राउल आवश्यक ठरला. आवाज कथेच्या गरजेतून यावा, सवयीतून नव्हे, हे ‘ब्लॅकवॉटर पार्क’चे सूत्र जवळपास पाव शतकानंतर पुन्हा अधोरेखित झाले.

मधल्या काळात मूळ अल्बमची प्रतिष्ठा वाढतच गेली. बँडच्या विसाव्या वर्षानिमित्त ५ एप्रिल २०१० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या मैफलीच्या पहिल्या सत्रात ओपेथने ‘ब्लॅकवॉटर पार्क’ आरंभापासून अखेरपर्यंत सादर केला. त्या मैफलीचे चित्रमुद्रणही त्याच वर्षी उपलब्ध झाले.

भारतीय श्रोत्यांशी नाते

भारतात या संगीताचा श्रोता संख्येने मर्यादित असला, तरी निष्ठावान आहे. २००० च्या दशकात महाविद्यालयीन महोत्सवांनी त्याला व्यासपीठ मिळवून दिले. चेन्नईतील आयआयटी मद्रासच्या ‘सारंग’ महोत्सवात २००९ साली ओपेथचा कार्यक्रम झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पॉर्क्युपाइन ट्री हा विल्सनचा बँड मुंबईत, आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’ महोत्सवात वाजला. २०१९ मध्ये पुण्याच्या ‘एनएच७ वीकेंडर’ महोत्सवात ओपेथने हजेरी लावली, तेव्हा महाराष्ट्रातील चाहत्यांना हे संगीत प्रत्यक्ष ऐकता आले.

ग्राउल आणि सुरेल गायन यांचा मेळ येथील बँडनाही परका नाही. २००० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ने हे दोन्ही प्रकार हाताळले आहेत. विष्णूच्या दहा अवतारांवर आधारित ‘दशावतार’ हा त्यांचा अल्बम २०१७ मध्ये प्रकाशित झाला.

कोठून सुरुवात करावी?

या संगीताशी प्रथमच परिचय करून घेणाऱ्याने अल्बम पहिल्या रचनेपासून ऐकण्याचा आग्रह धरू नये. आधी ‘हार्वेस्ट’ ऐकावे आणि ओकरफेल्टच्या सुरेल आवाजाची ओळख करून घ्यावी. नंतर ‘द ड्रेपरी फॉल्स’कडे वळावे, तेथे ग्राउल येण्यापूर्वी श्रोत्याला पुरेसा अवधी मिळतो. त्यानंतर ‘ब्लीक’, आणि मगच संपूर्ण अल्बम सलग. ग्राउल सुरू झाला की शब्द समजून घेण्याची धडपड सोडून काही काळ गिटारच्या चालीकडे लक्ष द्यावे. त्या वेळी चाल तेथे असते. काही आवर्तनांनंतर तो खरखरीत आवाज वाद्यमेळाचाच एक भाग वाटू लागतो.

एवढे करूनही तो आवाज रुचेलच याची खात्री देता येत नाही. मात्र तो निरर्थक आहे, असे ‘ब्लॅकवॉटर पार्क’ नीट ऐकलेल्या श्रोत्याला सहसा म्हणवत नाही.

अल्बम दृष्टिक्षेपात

बँड : ओपेथ (स्टॉकहोम, स्वीडन)
प्रकाशन : २००१
प्रकाशक : म्युझिक फॉर नेशन्स (युरोप), कॉख रेकॉर्ड्स (अमेरिका)
ध्वनिमुद्रण : स्टुडिओ फ्रेडमन, गोथेनबर्ग, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०००
निर्मिती : स्टीव्हन विल्सन आणि ओपेथ
कलाकार : मिकाएल ओकरफेल्ट (गायन, गिटार), पीटर लिंडग्रेन (गिटार), मार्टिन मेंडेस (बास गिटार), मार्टिन लोपेझ (ड्रम)
मुखपृष्ठ : ट्रॅव्हिस स्मिथ
रचना व कालावधी : द लेपर अफिनिटी (१०:२३), ब्लीक (९:१६), हार्वेस्ट (६:०१), द ड्रेपरी फॉल्स (१०:५४), डर्ज फॉर नोव्हेंबर (७:५४), द फ्युनरल पोर्ट्रेट (८:४४), पॅटर्न्स इन द आयव्ही (१:५३), ब्लॅकवॉटर पार्क (१२:०८)